उपाशीबाबा जेवायला बसले

फार फार वर्षांपूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात केरबा नावाचा सुतार राहत होता. हाताला कसब होतं, कामाला खाडा नव्हता. पण आसपासच्या गावांत त्याचं नाव झालं होतं ते जेवण्यामुळे. केरबा खादाड नव्हता बरं का! तो रसिक होता. पानात वाढलेला पदार्थ आधी डोळे भरून बघायचा, मग वास घ्यायचा, मग पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचा. त्याचा तो चेहरा पाहूनच शेजारी बसलेल्याला भूक लागायची. कुणाकडे लग्न असो की बारसं, आचारी चुलीपासून उठून यायचे आणि लांबूनच विचारायचे, "नाना, जमलंय का?" केरबाने मान डोलावली की आचारी खूश.

एका थंडीत केरबाला अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी उठायला गेला तर उजवा हात उचलेना आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. मुलगा लाकडं आणायला दूर डोंगरात गेलेला, वर्षभर तरी परतणार नव्हता. घरात सून होती, हौसा तिचं नाव. तिने सासऱ्याची मनापासून सेवा केली. हळूहळू हात हलू लागला, पाय चालू लागले, बोलणंही बरंचसं स्पष्ट झालं. गाव म्हणालं, "नाना बरे झाले."

पण एक गोष्ट बरी झाली नव्हती, आणि ती फक्त केरबाला ठाऊक होती. घास घशाशी गेला की अडायचा. पाणी प्यायला की ठसका लागायचा.

पहिल्याच बारशाच्या पंगतीत त्याची फजिती झाली. केरबाने बुंदीचा लाडू फोडून तोंडात घातला आणि तो घशात अडकला. डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा पडला. लोक पाठीवर थापट्या मारू लागले. एकदाचा लाडू बाहेर आला आणि श्वास मोकळा झाला. केरबा घामाने भिजून बसला होता, तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारपणी एवढी हाव बरी नव्हे."

केरबा पान तसंच टाकून उठला.

पुढच्या आठवड्यात पाटील स्वतः जेवणाचं आमंत्रण घेऊन आले. केरबाला बारशाची पंगत आठवली. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "मला येता येणार नाही, पाटील. मी व्रत घेतलंय. अन्न सोडलंय."

"अन्न सोडलंय? तुम्ही?" पाटलांचे डोळे विस्फारले. "म्हणजे पार सोडलं?"

"पार सोडलं," केरबा म्हणाला. आता मागे कसं फिरणार!

पाटलांनी वाकून नमस्कार केला. ज्या माणसाचा जीव जेवणात होता त्याने जेवण सोडलं, म्हणजे केवढं वैराग्य! संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली, आणि पुढच्या बाजारादिवशी पलीकडच्या गावांतही पोचली. लोक दर्शनाला येऊ लागले. देवळासमोरच्या पारावर त्याच्यासाठी घोंगडी अंथरली गेली. केरबानाना म्हणणारे लोक आता त्याला उपाशीबाबा म्हणू लागले. पेढे, केळी, नारळ यांचा ढीग त्याच्यापुढे पडायचा, आणि केरबा ते सगळं पोराबाळांना वाटून टाकायचा. पेढ्याचा खमंग वास नाकात शिरला की त्याचे डोळे भरून यायचे. लोकांना वाटायचं, बाबांना देव दिसला.

घरी हौसा रोज पाहत होती की ताट रिकामं येतं, पण सासरे मात्र वाळत चालले आहेत. "गावाला व्रत दाखवा, पण घरात दोन घास खाता ना?" असं तिने एकदा विचारलं तेव्हा केरबा म्हणाला, "खातो की. तू ठेवून जा. मी सावकाश खातो." ती वळली की तो भाकरी गाईपुढे टाकायचा.

एके दुपारी हौसा नदीवर धुणं घेऊन निघाली आणि कपडे बडवायचं धोपाटणं घरीच राहिलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली. दाराआडून तिला खोकल्याचा आवाज आला. तिने डोकावून पाहिलं. केरबा भिंतीला टेकून खाली बसला होता. पुढ्यात पाण्यात भिजवलेला भाकरीचा काला. एक घास घ्यायचा, खोकून खोकून जीव घाबरा व्हायचा, डोळे पुसायचे आणि पुन्हा दुसरा घास घ्यायचा. निम्म्याहून अधिक अन्न अंगावर सांडलं होतं.

"मामा!"

केरबाने लहान मुलासारखा वाडगा आपल्या धोतराच्या सोग्याआड लपवला. मग त्यालाच त्याची लाज वाटली.

"व्रतबित काही नाही गं पोरी," तो मान खाली घालून म्हणाला. "मला गिळता येत नाही. भूक तर अशी लागते की पोटात आग पडते. पण चारचौघांत ठसका लागला, लाळ गळली, तर लोक हसतील. त्यापेक्षा उपाशी म्हणवून घेतलेलं बरं."

हौसा त्याच्याशेजारी खाली बसली. मग तिने आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं. "मी कुणाला सांगणार नाही, मामा. पण उद्या माझ्याबरोबर नदीपलीकडे वैद्यबाईंकडे यायचं. याला नाही म्हणायचं नाही."

वैद्यबाईंनी केरबाला ताठ बसवलं. तोंड उघडून आत पाहिलं, जीभ इकडेतिकडे हलवायला सांगितली. मग त्याच्या गळ्यावर अलगद बोटं ठेवून म्हणाल्या, "आवंढा गिळा." केरबाने गिळला. "पुन्हा गिळा." पुन्हा गिळला. मग त्यांनी त्याला अगदी थोडंसं पाणी दिलं. ठसका लागला. घट्ट दही दिलं, चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच. ते मात्र गेलं. केरबा चकित होऊन बघतच राहिला.

"नाना, घशात दोन वाटा असतात," वैद्यबाई म्हणाल्या. "एक श्वासाची, एक अन्नाची. घास आला की श्वासाच्या वाटेचं दार लावायचं, हे घशाचं काम. तुमच्या दुखण्यानं तो घसा थोडा सुस्त झालाय. दार लावतो, पण उशिरा. पाणी धावत येतं, दार लागायच्या आत चुकीच्या वाटेनं शिरतं. कोरडी भाकरी फुटून इकडेतिकडे पांगते. पण जे मऊ आहे, एकजीव आहे आणि सावकाश जातं, त्याला तुमचा घसा सांभाळू शकतो."

"म्हणजे मी आजवर भाकरी पाण्यात भिजवत होतो ते..."

"ते सगळ्यात वाईट. पाणी एकीकडे, तुकडे दुसरीकडे."

हौसाने पदर खोचला. "काय करायचं ते मला नीट सांगा, बाई."

वैद्यबाईंनी तिला सगळं समजावलं. जेवताना ताठ बसवायचं. घास लहान. गिळताना हनुवटी थोडी छातीकडे झुकवायची. एक घास पुरता गिळला, तोंड मोकळं झालं, की मगच दुसरा. घास तोंडात असताना बोलणं नाही, हसणं नाही. जेवण झाल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पाण्याच्या जागी दाट पेज किंवा दाट कढी द्यायची, चमच्यावरून संथ ओघळेल अशी. "आणि ताप आला, किंवा जेवल्यावर आवाज घरघरू लागला, तर तडक माझ्याकडे यायचं. आणखी एक. हे मी तुमच्या सासऱ्यांचा घसा बघून सांगितलंय. दुसऱ्या कुणाला असाच त्रास असेल तर त्याला आधी मी बघेन. सगळ्यांचे घसे सारखे नसतात."

हौसा त्याच दिवशी चुलीपुढे बसली. पहिले काही दिवस तिने सगळं एकत्र कालवून, वाटून, वाडग्यात आणून दिलं. केरबाने ते मुकाट्याने गिळलं. पोट भरत होतं, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"काय झालं, मामा? ठसका तर नाही ना लागत?"

"ठसका नाही लागत," केरबा म्हणाला. "पण मी काय खाल्लं तेही कळत नाही. भात होता की भाजी होती? हे औषधासारखं आहे, हौसा. तू एवढं करतेस, बोलायला नको, पण..."

"बोला की! न बोलूनच तर एवढं झालं."

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक पदार्थ वेगळा करायला घेतला. वांगं निखाऱ्यावर भाजून भरीत केलं, पण त्यातल्या बियांनी घोळ घातला. केरबा खोकून बेजार झाला आणि हौसा रडकुंडीला आली. मग तिने भाजलेलं वांगं सोलून तलम फडक्यातून दाबून काढलं, लोण्यासारखं झालं, आणि वरून फोडणी दिली ती लसणीचा नुसता वास उतरलेल्या तेलाची. पिठल्याची एकही गुठळी राहू दिली नाही. पुरण पाट्यावर इतकं वाटलं की बोटांना कणी लागेना, आणि दाट दुधात ते सैल केलं. अळूची भाजी शिरा काढून, घोटून, चिंचगुळाची.

केळीच्या पानावर मांडावं तसं तिने ताटात सगळं जागच्या जागी वाढलं. हिरवं, पिवळं, पांढरं, कडेला दाट कढीची वाटी. केरबाने आधी डोळे भरून पाहिलं. मग वास घेतला. हनुवटी झुकवून पहिला घास गिळला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

"हौसा," बऱ्याच वेळाने, तोंड मोकळं झाल्यावर तो म्हणाला, "हे वांगं आहे गं! वांगं आहे हे!"

दोघेही हसले आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

केरबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गालांवर रंग आला. पण पारावरचं सोंग तसंच चालू होतं, आणि गंमत अशी की लोक म्हणू लागले, "बघा, अन्नाचा कण नाही पोटात, तरी बाबांच्या चेहऱ्यावर काय तेज आहे!" गर्दी दुप्पट झाली. केरबालाही आता तो मान आवडू लागला होता. घरी सुखाने जेवायचं आणि बाहेर पाया पडून घ्यायचं, कुणाचं काय बिघडतंय?

एक दिवस कोष्टीआळीतला एक विणकर पारावर आला. त्याने केरबाचे पाय धरले. "बाबा, आमच्या आईला आशीर्वाद द्या. तिचाही घास अडायचा, ठसके यायचे. आता तिनं तुमच्यासारखंच अन्न सोडलंय. घरात एवढं पुण्य आलंय, आम्ही धन्य झालो."

केरबाच्या हातातलं फूल गळून पडलं. विणकराची आई म्हणजे गोजराक्का. त्याच्याच वयाची. लहानपणी दोघांनी एका झाडाच्या कैऱ्या पाडल्या होत्या.

तो तसाच उठला आणि त्याच्याबरोबर गेला. गोजराक्का खाटेवर पडली होती. काडीसारखे हात, खोल गेलेले डोळे. उशाशी उदबत्ती लावलेली, पायाशी शेजारणी हात जोडून बसलेल्या. केरबाला पाहून तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं. तो वाकला.

"केरबा," ती त्याच्या कानात कुजबुजली, "तुला जमलं रे. मला का जमत नाही? मला फार भूक लागते."

केरबाने मान वर करून पाहिलं. भोवती सगळे बघत होते, ऐकत होते. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून उठला आणि घरी येऊन ओट्यावर मटकन बसला.

हौसाला त्याने सगळं सांगितलं. "ती मरेल गं. माझ्यामुळे मरेल."

"मग सांगा की खरं."

"उद्या गावजेवण आहे. पाटील मला सगळ्यांसमोर चौरंगावर बसवणार आहेत. अशा वेळी सांगू? लोक थुंकतील माझ्यावर."

हौसाने त्याला उपदेश केला नाही. तिने पाटा धुतला, डाळ भिजत घातली आणि एवढंच विचारलं, "मामा, उद्या तुमचं ताट मी कुठे वाढू? घरात की पंगतीत?"

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पटांगणात पानं मांडली गेली. फुलांनी सजवलेल्या चौरंगावर केरबाला बसवलं. पाटील हात जोडून उभे राहिले. "मंडळी, आपण पोटासाठी जगतो. पण या महापुरुषानं पोटालाच जिंकलंय..."

"नाही जिंकलं," केरबा म्हणाला.

पाटील थांबले. केरबा चौरंगावरून खाली उतरला. त्याचा आवाज मोठा निघाला.

"मी व्रत घेतलेलं नाही. दुखण्यानंतर मला गिळता येईना. तुमच्यासमोर ठसका लागला, त्याची मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो. तुम्ही पाया पडलात आणि मी पडू दिलं. उपाशी राहिलो तेव्हा माझी हाडं झाली. नीट जेवू लागलो तेव्हा हे तेज आलं. माझं पाहून कुणी अन्न सोडलं असेल तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर आहे."

पटांगणात गलका उठला. "फसवलं! देवासमोर फसवलं!" एकाने केरबाच्या गळ्यातला हार ओढून काढला. पाटलांचा चेहरा लाल झाला. केरबाने मान खाली घातली नाही. तो सरळ पंगतीत जाऊन एका रिकाम्या पाटावर ताठ बसला.

"हौसा, वाढ."

हौसा ताट घेऊन आली. पिवळंधमक पुरण, भरीत, अळूची भाजी, पिठलं, कढी. वास दरवळला तसा गलका आपोआप कमी झाला. केरबाने लहानसा घास घेतला, हनुवटी झुकवली, गिळला, थांबला, पुन्हा गिळला. शेकडो डोळे त्याच्या गळ्यावर खिळले होते. कुणीतरी खेकसून विचारलं, "आता कसं जातंय घशाखाली?" केरबाने हात वर केला. घास तोंडात होता. तो पुरता गेल्यावर शांतपणे म्हणाला, "सावकाश जातंय. पण फार गोड जातंय."

मधेच एकदा त्याला ठसका लागला. काहीजण मदतीला पुढे सरसावले. हौसा हलली नाही. केरबाने खोकून घसा साफ केला, थोडं थांबला आणि पुन्हा चमचा उचलला. या खेपेला तो लाजला नाही. ताट रिकामं झालं तेव्हा म्हाताऱ्या आचाऱ्याने पुढे येऊन हौसाकडे कढीची वाटी मागितली, बोटाने चाखली आणि म्हणाला, "पोरी, हे मला शिकव."

तेवढ्यात पंगतीच्या टोकाचा एक शेतकरी चाचरत म्हणाला, "माझ्या बापालाही असंच होतं. आम्ही त्याला मागच्या खोलीत जेवायला बसवतो." एक बाई म्हणाली, "माझ्या बहिणीला पण." आणखी एकजण बोलला. मग आणखी एक.

पाटलांनी हे सगळं ऐकलं. शेवटी ते केरबासमोर येऊन खाली बसले. "नाना, राग आलाय मला, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी तुम्ही ठसकलात तेव्हा मागून जो बोलला, तो मीच होतो. आम्ही तुमच्या उपासाला नमस्कार केले. तुम्हाला भूक लागते का, हे एकानेही विचारलं नाही."

"मग आता विचारायला चला," केरबा म्हणाला. "गोजराक्काकडे."

हौसाने सकाळीच निरोप धाडून वैद्यबाईंना बोलावून घेतलं होतं. त्या आधी एकट्याच गोजराक्काजवळ बसल्या. तिला उशांनी टेकवून ताठ केलं, गळ्यावर बोटं ठेवली, तोंड पाहिलं. "केरबानानांचं ताट हिला चालणार नाही," त्या म्हणाल्या. "हिचा घसा जास्त थकलाय. याहून मऊ हवं, अगदी थोडं हवं, आणि आज मी इथून हलणार नाही." हौसाने पिठलं पुन्हा गाळलं आणि दाट ताकात सारखं केलं. वैद्यबाईंनी चमच्याच्या टोकावर घेऊन ते गोजराक्काच्या जिभेवर ठेवलं.

सगळं घर श्वास रोखून उभं होतं. गोजराक्काचा गळा हलला. एकदा. पुन्हा एकदा. ठसका आला नाही.

मुलगा कासावीस होऊन म्हणाला, "आई, गेलं का गं? कसं वाटतंय?"

गोजराक्काने डोळे उघडले. "मीठ कमी आहे," ती म्हणाली.

असा हशा पिकला की शेजारच्या आळीतली माणसं धावत आली. मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि ती त्याला म्हणत होती, "अरे, रडतोस काय, मीठ आण!"

गोजराक्का एका दिवसात उठली नाही. चमचा चमचा करत, वैद्यबाईंच्या नजरेखाली, तिने ताकद कमावली. उन्हाळ्यात ती अंगणात आली आणि पावसाळ्यात मागावर बसली. मागच्या खोल्यांत जेवणारी माणसं एकेक करून पुढे आली. वैद्यबाई प्रत्येकाचा घसा तपासत आणि हौसा प्रत्येकाच्या घरच्या बाईला आणि बुवालाही चुलीशी बसवून शिकवी.

गोजराक्काच्या नातीचं लग्न दूरच्या गावी ठरलं. वऱ्हाडाबरोबर हौसाची झाकलेली पातेलीही बैलगाडीतून गेली. मांडवात पंगत बसली, तेव्हा तिकडच्या यजमानांनी ती ताटं पाहून विचारलं, "ही कुणासाठी? यांना बाजूला बसवायचं का?"

गोजराक्का नवीन लुगडं सावरत मधल्या पाटावर बसली, तिच्या शेजारी केरबा, आणि केरबाशेजारी पाटील.

"बाजूला कशाला?" पाटील म्हणाले. "आमच्याकडे सगळे एकाच पंगतीत जेवतात. कुणी भरभर, कुणी सावकाश. शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत आमच्यात कुणी उठत नाही."

आणि खरंच, त्या दिवशी कुणीही उठलं नाही.

तात्पर्य: गिळता न येणाऱ्याची भूक मेलेली नसते, ती लाजेआड लपलेली असते. त्याला विचारावं, जाणत्याला दाखवून त्याच्या घशाला सोसेल असं चवीचं अन्न करावं, आणि त्याच्यासोबत शेवटच्या घासापर्यंत बसावं.